दीवला जाऊन आलो

विन्या,

फोनवर बोललो असतो, पण घरात फोन लावला की ही बाजूला येऊन बसते, आणि या बाबतीत ही पोराच्या पार्टीत आहे. तब्येत बरी, शुगर आहे तिथेच.

तर आमचे चिरंजीव नोकरी सोडून दीवला हॉटेल चालवायला घेतायत. मे महिन्यात मित्रांबरोबर गेला होता, टेबल मिळायला पाऊण तास उभं राहावं लागलं म्हणे, झालं, डोकं फिरलं. गुजरातेत दारूबंदी, मग तिथली पब्लिक दीवला कशाला जाते ते तुला काय सांगायचं, तुझ्या लग्नाआधी आपणही समुद्रच बघायला गेलो होतो ना!

मी म्हटलं शाळा उघडल्यावर चल. जूनच्या शेवटी गेलो, ऊना गावावरून, भर पावसात. नागवा बीचच्या रस्त्यावर एवढं मोठं हॉटेल आणि गिऱ्हाईक आम्ही दोघं. पोऱ्याने आमच्या डोक्यावरचा एकच पंखा लावला, टेबल बदललं तर तो बंद करून दुसरा लावला. पापलेट? नाही. सुरमई? फ्रीजरची. अरे, जून-जुलैत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलर बंद असतात, माशांचा अंडी घालायचा टाइम, आणि हे हॉटेल काढणाऱ्याला माहीत नाही! शेवटी पनीर बटर मसाला. समुद्राकाठी!

मॅनेजर भला माणूस, सगळं सांगत बसला. गिऱ्हाईक फक्त दिवाळी ते लाभपाचम, ३१ डिसेंबर, मे, नाहीतर शनिवार-रविवार. बाकी भाडं आणि लाइटबिल चालूच, आणि पोरांना घरी पाठवलं तर सीझनला परत येत नाहीत, म्हणून बसवून जेवायला घालायचं.

तेवढ्यात आतून वास आला सुक्या बोंबलाचा, पोरं स्वतःसाठी भाजत होती. मी मागितला तर मॅनेजर लाजला, मेनूत नाही म्हणाला. वाटीत आणून दिला, कुटलेला, कच्चा कांदा, लसूण, तिखट. काय लागला रे! बिलात धरला पण नाही. तर हा म्हणतो, बाबा, पावसाळ्यात हेच ठेवायचं ना, भाकरीबरोबर, चारच टेबलं मांडून. पटलं रे मला, तीच पंचाईत झालीय. याला माझ्या पीएफमधले पैसे हवेत.

तुझी बडोद्याची, दांडियाबाजारातली खानावळ आठव. परीक्षा संपून होस्टेलची पोरं गावी गेली की तू माझ्याच पैशांवर उन्हाळा काढायचास, ते अजून आलेले नाहीत (हे वहिनींना वाचून दाखवू नकोस). आणि मी चारचौघांत आमटीला पाणी म्हटलं म्हणून खानावळ बसली हे तुझं तुणतुणं बंद कर, पाणीच होतं ते.

पुढच्या महिन्यात तो पुण्याला येतोय, तुझ्याकडे पाठवतो. खानावळीच्या हिशेबाच्या वह्या असतील तर एप्रिल-मेची पानं दाखव. घे म्हण की नको म्हण, तुझं ऐकेल, माझं ऐकत नाही.

मोतीबिंदूचं नीट झालं ना? लेकीच्या व्हिसाचं कळव. बडोद्याचा लीला (ओला) चिवडा त्याच्याबरोबर देतोय, वहिनींच्या हातात द्यायला सांगितलंय, तुझ्या नाही.

तुझा,
बंड्या