माझा निबंध, तुझी वाक्यं

पुणे,
बुधवार, रात्री

प्रिय मंजे,

फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच हसतेस, मग मी विषय बदलते आणि सांगायचं राहूनच जातं. म्हणून कागद घेतला.

गेल्या महिन्यात लेकीची गाइडं आणायला अप्पा बळवंत चौकात गेले आणि येताना स्वतःसाठी एक कादंबरी उचलली. एलेना फेरांतेची 'माय ब्रिलियंट फ्रेंड'. मूळ इटालियन, २०११ ची. मी इंग्रजीतून वाचली. फेरांते हे टोपणनाव.

१९५० च्या दशकातलं नेपल्स, गरीब वस्ती आणि दोन मुली. एलेना नगरपालिकेतल्या शिपायाची, लिला बूट दुरुस्त करणाऱ्याची. (लिला! नाव वाचूनच आपल्या वाड्यातली वाटली.) सुरुवातीला पात्रांची भलीमोठी यादी दिली आहे आणि ती लागतेच, त्या घराण्यांच्या भांडणांत मी दोनदा हरवले. ते तू भराभर उलट. मुलींपाशी मात्र थांब.

एलेना अभ्यासात पुढे, पण तिच्या मनात कायम हेच, की खरी हुशार लिला, आपण नुसत्या तिच्या मागे मागे. वयात येताना तोंडभर पुटकुळ्या, अंग सुटलेलं, वर चश्मा. आई लंगडत चालते, तर एक दिवस आपणही तशाच चालू लागू ही धास्ती. हे वाचताना मला तुळशीबागेतला तो आरसा आठवला. तू टिकल्या लावून बघत होतीस आणि मी बरोब्बर आरशात दिसणार नाही अशी उभी. "तुला नको का गं?" म्हणालीस. मी म्हटलं, "आई ओरडेल." आई कसली ओरडतेय!

पाचवीनंतर लिलाची शाळा सुटते, घरचे पैसे घालायला तयार नाहीत. ती वाचनालयातून पुस्तकं आणून घरच्या घरी लॅटिन शिकते आणि शाळेत जाणाऱ्या एलेनालाच समजावते, की आधी वाक्यातलं क्रियापद शोध. मंजे, इथे मी पुस्तक मिटलं. पर्वतीच्या पायऱ्यांवर बसून संस्कृतचा अन्वय तू मला अस्साच लावायला शिकवला होतास. मार्कांचं कौतुक झालं ते माझं. दहावीनंतर तू काकांच्या दुकानात गल्ल्यावर बसलीस आणि मी सायकल काढून कॉलेजला निघाले.

आता जे सांगायचं ते. पुढे एलेना धर्माच्या शिक्षकाशी झालेल्या वादावर एक लेख लिहिते, लिला तो दुरुस्त करते आणि तो इतका उजळतो की एलेनाला आनंदही होतो नि झोंबतंही. नववीत मला निबंधाचा कप मिळाला, आठवतं? शेवटचा अख्खा परिच्छेद तुझा होता. बाईंनी वर्गात मोठ्याने वाचला तोही तेवढाच. तू मागच्या बाकावरून टाळ्या वाजवत होतीस आणि मी खाली मान घालून बसले. सगळ्यांना वाटलं, किती विनयी मुलगी!

पुस्तक वाचणार असशील तर पुढची दोन वाक्यं सोड. सगळा वेळ आपण धरून चालतो की पुस्तकाच्या नावातली ती हुशार मैत्रीण म्हणजे लिला. सोळाव्या वर्षी लग्नाच्या दिवशी लिलाच एलेनाला म्हणते, तू शिकत राहा, माझी हुशार मैत्रीण तू आहेस.

मी कॉलेजला निघाले त्या सकाळी तू दुकानाच्या पायरीवर उभी राहून काहीतरी ओरडली होतीस. मागून पीएमटीची बस आली, मला ऐकूच आलं नाही. वळून विचारायला हवं होतं.

परवा माळ्यावर निबंधाची ती वही सापडली. तुझ्या हिरव्या पेनाच्या खाडाखोडीसकट. शेवटच्या पानाची झेरॉक्स सोबत ठेवली आहे. तिसऱ्या ओळीतला एक शब्द काही केल्या लागत नाही, तेवढा वाचून कळव.

तुझीच,
नीलू