‘अँटिगनी’तला क्रिऑन नुसता जुलमी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रीक नाटककार सोफोक्लीजच्या ‘अँटिगनी’ या नाटकावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या शोकांतिकेला मराठी वृत्तपत्रात अर्धं पान मिळालं, याचा आनंद आहेच. पण लेखात सगळं नाटक ‘निर्भय मुलगी विरुद्ध जुलमी राजा’ एवढ्यात बसवलं आहे, ते वाचून राहवलं नाही. राजा पहिल्यापासून दुष्टच असेल तर त्याच्या नाशाचं आपल्याला दुःख कशाला व्हावं?

नाटक न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. राजा इडिपसचे दोन मुलगे थीब्ज या ग्रीक शहराच्या गादीसाठी लढले आणि एकमेकांच्या हातून मेले. एटिओक्लिस शहर राखताना पडला. पॉलिनायसिस परकी फौज घेऊन आपल्याच शहरावर चालून आला होता. आता गादीवर त्यांचा मामा, क्रिऑन. त्याने दवंडी पिटली की एकाचे अंत्यसंस्कार इतमामाने होतील आणि दुसऱ्याचा देह कुत्र्यागिधाडांसाठी उघड्यावर राहील. हुकूम मोडेल त्याला मरण. हुकूम मोडते अँटिगनी. ती मेलेल्यांची बहीण, क्रिऑनची सख्खी भाची आणि होणारी सूनही. त्याचा मुलगा हेमॉन याच्याशी तिचं लग्न ठरलेलं आहे.

ती करते काय? देहावर कोरडी माती टाकते आणि काशाच्या भांड्यातून तीन वेळा जल देते. आपल्याकडे ‘मूठमाती देणे’ हा शब्दप्रयोगच आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हे कृत्य समजावून सांगावं लागत नाही. रामायणातला प्रसंगही आठवतो. रावण पडल्यावर बिभीषण त्याचे संस्कार करायला कचरतो आणि जिंकलेला राम त्याला सांगतो, ‘मरणान्तानि वैराणि’. तिथे भाऊ मागे सरतो आणि सत्ता त्याला पुढे करते. थीब्जमध्ये बहीण पुढे होते आणि सत्ता आडवी येते.

तरीही क्रिऑनचा हुकूम अथेन्सच्या प्रेक्षकांना पूर्ण अनोळखी नव्हता. देशद्रोह्याला अ‍ॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या मुलखाच्या, भूमीत पुरायचं नाही, असा त्यांचाच कायदा होता. पुढे देशद्रोही ठरलेल्या थेमिस्टोक्लीजसारख्या वीराच्या अस्थी नातलगांनी चोरून आणून पुरल्या असं सांगतात, ते याच कायद्यामुळे. अर्थात हद्दीबाहेर पुरायला कोणाची आडकाठी नसे. क्रिऑन इथे एक पाऊल पुढे जातो आणि ते पाऊल त्याला भोवतं. पण निघतो तो राज्यकर्त्याच्या कर्तव्यापासूनच. त्याचं पहिलं भाषण शांतपणे वाचावं. शहर हे गलबत आहे, ते तरलं तरच आपली नातीगोती तरतात, मित्राला देशापेक्षा मोठा मानणारा माणूस माझ्या लेखी कवडीमोल, असं तो म्हणतो. यादवी नुकतीच संपलेल्या शहरात हे बोलणं वेड्याचं वाटत नाही. रॉबेन बेटावरच्या तुरुंगात नेल्सन मंडेलांनी या नाटकात क्रिऑनची भूमिका केली होती. हा राजा सुरुवातीला प्रामाणिक आणि देशप्रेमी आहे, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. खुद्द सोफोक्लीजही इ. स. पू. ४४१ च्या सुमारास अथेन्सचा पुढारी पेरिक्लीज याच्या जोडीने तिथला सेनापती होता. हुकूम काढणाऱ्याच्या जागी उभं राहणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर हे मला फार उशिरा कळलं. महाविद्यालयात आम्ही या नाटकाचं वाचन केलं तेव्हा माझ्याकडे इस्मिनी होती, अँटिगनीची भित्री धाकटी बहीण. मला तिची लाज वाटायची आणि क्रिऑनचा संताप यायचा. मग एप्रिल २०२१ मध्ये माझे थोरले काका कोरोनाने गेले. देह रुग्णालयातून परस्पर स्मशानात गेला. चुलतभावाने लांबूनच हात जोडले. तोंडात पाणी घालता आलं नाही, खांदा देता आला नाही. नियम चुकीचा होता असं मी तेव्हा म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. त्याने माणसं वाचली असतील. पण भाऊ अजून मध्येच म्हणतो, “बाबांना शेवटचं पाणी राहिलं गं.” त्याचंही काही चुकत नाही. त्या पावसाळ्यात मी ‘अँटिगनी’ पुन्हा वाचलं आणि पहिल्यांदाच क्रिऑनच्या ओळी मोठ्याने वाचताना माझा आवाज चढला नाही.

आता प्रेमाबद्दल, कारण लेखात हेमॉन एका वाक्यात उरकला आहे. अँटिगनी आणि हेमॉन मूळ नाटकात एकदाही रंगमंचावर समोरासमोर येत नाहीत. (फ्रेंच नाटककार जाँ अनुईने नव्याने लिहिलेलं हे नाटक १९४४ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये, रंगमंचावर आलं; त्यात मात्र त्याने दोघांना एक प्रवेश दिला.) ‘लाडक्या हेमॉन, तुझे वडील तुझा किती अपमान करतात’ या अर्थाची एकच हळवी ओळ आहे. हस्तलिखितांत ती इस्मिनीच्या तोंडी आहे. काही संपादकांनी ती अँटिगनीला देऊन टाकली. मला हस्तलिखितांचं बरोबर वाटतं. मृत्यूला निघालेली अँटिगनी आपलं लग्न राहिलं म्हणून रडते, पण हेमॉनचं नाव घेत नाही. उलट म्हणते की नवरा किंवा मूल गेलं तर दुसरं मिळालं असतं, आईबाप गेल्यावर भाऊ पुन्हा मिळत नाही. जर्मन कवी गटेला हा उतारा इतका खटकला की कुणीतरी तो प्रक्षिप्त ठरवावा असं त्याला वाटे. मला मात्र तो तिचाच वाटतो. इस्मिनी शेवटी धीर करून “मीही तुझ्याबरोबर मरते” म्हणाली, तेव्हा तिला झिडकारणारी हीच ती अँटिगनी. मेलेल्यांवर तिचा इतका जीव आहे की जिवंतांसाठी तिच्याकडे फारसं काही उरत नाही.

हेमॉन मात्र बाप आणि अँटिगनी दोघांवरही प्रेम करतो. बापापुढे येतो तो आज्ञाधारक मुलगा म्हणून. पुराच्या पाण्यात वाकणारी झाडं टिकतात, ताठ उभी राहणारी मुळासकट जातात, असं तो अजिजीने सांगतो. क्रिऑन ऐकत नाही. एकाच माणसाचं असेल ते शहरच नव्हे, असं मुलगा सांगतो, आणि शहर राजाच्या मालकीचंच असतं ना, इथवर बाप येतो. कर्तव्य म्हणून सुरू झालेला हुकूम मीपणाचा कधी झाला, ते या प्रवेशात डोळ्यांदेखत घडतं.

आणि शेवट. अंध द्रष्टा टायरेसियस येणाऱ्या नाशाचं भाकीत करून निघून जातो आणि क्रिऑन खचतो. थीब्जचे वृद्ध त्याला सांगतात, आधी गुहेत जिवंत कोंडलेल्या अँटिगनीला सोडव, मग मृताचे संस्कार कर. क्रिऑन धावत सुटतो आणि क्रम उलटा करतो. पॉलिनायसिसचे उरलेसुरले अवशेष धुऊन, दहन करून, त्यांवर मातीचा उंचवटा रचतो आणि मगच गुहेकडे वळतो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. तिला कवटाळून बसलेला हेमॉन बापावर तलवार उगारतो, वार चुकतो आणि तो तीच तलवार स्वतःच्या कुशीत खुपसतो. क्रिऑनने मेलेल्याचं देणं आधी फेडलं. अँटिगनीने त्याच्याकडून हेच तर मागितलं होतं! या एका तपशिलापाशी मी दरवेळी थांबते.

हा सगळा भाग दूत येऊन सांगतो; प्रेक्षकाला गुहा दिसत नाही. राज्य नाट्य स्पर्धेत कोणी हौशी संस्था हे नाटक करणार असेल, तर दूताचं भाषण लांबतं म्हणून कृपया छाटू नका. क्रिऑनची बायको युरिडिसी ते शेवटपर्यंत ऐकते आणि एक शब्दही न बोलता आत निघून जाते. तेवढा वेळ तिला मिळायला हवा.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा