ताप उतरवून शाळेत : पुणे महापालिका आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर

स. न. वि. वि.

माझी सगळी नोकरी महापालिकेच्या दवाखान्यांत परिचारिका म्हणून झाली. आता निवृत्त आहे, पर्वतीला राहते. सोसायटीत किंवा मागच्या वस्तीत कुणाचं पोर तापलं की लोक अजून आधी 'सिस्टर'कडेच येतात. जूनच्या मध्यात शाळा उघडतात, त्याच सुमाराला पाऊस धरतो, आणि तिथून दिवाळीपर्यंत या येणाऱ्यांना खंड नसतो. आपल्या हाताखाली आरोग्य विभागही आहे आणि शिक्षण विभागही, म्हणून हे पत्र मंत्रालयात न धाडता आपल्याला लिहिते आहे.

सकाळी साडेसहाला घरोघरी काय चालतं ते सांगते. मुलाचं अंग कढत लागतंय. आई पॅरासिटामॉलचं पातळ औषध पाजते, थोड्या वेळात घाम सुटून ताप उतरतो, डबा दप्तरात जातो, खाली रिक्षावाले काका हॉर्न देतात. औषधाचा अंमल चार ते सहा तास. म्हणजे मधल्या सुट्टीनंतर केव्हातरी ते पोर बाकावर डोकं टेकणार. तोवर शेजारच्याच्या बाटलीतलं पाणी पिऊन झालेलं असतं, डबा वाटून खाल्लेला असतो. मग ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर त्याला आडवं करायचं आणि घरी फोन लावायचा. आई पोळ्यांची कामं करणारी असेल तर त्या वेळी तिचे हात कणकेत असतात. फोन नुसता वाजत राहतो.

या बाईला निष्काळजी म्हणणं सोपं आहे, मी म्हणणार नाही. खाडा झाला की तिचे पैसे कापले जातात. मूल एक दिवस तापाने घरी राहिलं तरी बऱ्याच शाळा डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतात, त्याचे पैसे वेगळे. आणि वर्षाअखेरीला शंभर टक्के हजेरीचं बक्षीस असतं, त्यापायी पोरगंच रडून शाळेत जायला निघतं! राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. धुणंभांडी करणारीला नाही, मॉलमध्ये उभं राहणाऱ्या मुलीला नाही. तिच्या पगाराचा प्रश्न आपल्या एका परिपत्रकाने सुटणार नाही, हे मला कळतं. पण तीन दिवसांपर्यंतच्या आजारपणाला पालकांची चिठ्ठी पुरेशी धरा आणि ते हजेरीचं बक्षीस बंद करा. या दोन गोष्टींना निधीसुद्धा लागत नाही.

दुसरं म्हणजे, कोणत्या दुखण्यात किती दिवस घरी ठेवायचं याचा शहराला मिळून एक कागद हवा. आज जितक्या शाळा तितके नियम, आणि त्यावर वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची न्यायालयं. एका शाळेने कांजिण्या झालेल्या मुलाला महिनाभर येऊ नको म्हणून सांगितलेलं मी पाहिलं आहे. कांजिण्यांचे सगळे फोड सुकून खपली धरली की मूल शाळेत येऊ शकतं, बहुधा आठवड्याभरात. ती लागण पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीच सुरू झालेली असते, तेव्हा वर्गाने नंतर घबराट करून काही साधत नाही. (घरी कडुनिंबाच्या पाल्याची अंघोळ घाला, कुणाची हरकत नाही. अ‍ॅस्पिरिन मात्र देऊ नका.) गालफुगीला सूज दिसल्यापासून पाच दिवस. ताप असेल तर औषधाशिवाय पूर्ण एक दिवस तो उतरलेला राहिला पाहिजे. उलट्या-जुलाब थांबल्यावर आणखी दोन दिवस घरी. जुलाब चालू असताना ओआरएस, आणि झिंक मात्र जुलाब थांबले तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करायचं. हात, पाय आणि तोंडात फोड येणाऱ्या हँड-फूट-माउथ आजारात ताप आणि पाणी भरलेले फोड असेपर्यंत घरी. त्याचा विषाणू शौचातून पुढे काही आठवडे जातच असतो, त्यामुळे तिथे उपयोग साबणाचा, जास्तीच्या सुट्टीचा नाही. साध्या सर्दीला घरी बसवायची गरज नाही. उवांनाही नाही. डोक्यात ऊ सापडली म्हणून मुलीला वर्गातून उठवून घरी पाठवणं हा शुद्ध अपमान आहे, तोही त्याच कागदावर थांबवा. दम्याचा पंप दप्तरात सापडला म्हणून काढून घेणाऱ्या शाळांनाही दोन ओळी लिहा.

आता औषधाच्या चमच्याबद्दल, कारण याची मला सगळ्यात धास्ती वाटते. पॅरासिटामॉलचं पातळ औषध दुकानात दोन-तीन ताकदींत मिळतं. एका बाटलीत ५ मिलीला १२० मिलिग्रॅम, दुसरीत २५०. लेबल सारखंच रंगीत, चव सारखीच गोड, आणि सांगणारी शेजारीण म्हणते, "एक चमचा दे." मात्रा ठरते वजनावर, एका वेळेला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. १६ किलोच्या मुलाला २५० वाल्या बाटलीतलं ४ मिली पुरतं, १२० वालीतलं ८ मिली लागतं. वयावरून अंदाज केला की एकाला कमी पडतं आणि दुसऱ्याला डोस दुप्पट होतो. शाळेत मुलांचं वजन-उंची होतेच. तो आकडा प्रगतिपुस्तकात निजून राहण्यापेक्षा दर सत्राला शाळेच्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहायला सांगा. तापाच्या रात्री आईला तोच लागतो. पावसाळ्यात त्याखाली एक ओळ असू द्या : डेंग्यूची शंका असताना आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक असलेली औषधं नकोत. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणजे शाळेच्याच वेळात. आपले निरीक्षक सोसायट्यांना नोटिसा देतात. शाळांच्या गच्चीवर पडलेल्या मोडक्या बाकांत आणि टाक्यांत साचलेलं पाणीही एकदा पाहावं.

या शहराला असल्या गोष्टी नवीन नाहीत. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी इथली शाळकरी मुलगी होती, आणि मग शाळा बंद कराव्या लागल्या. २०२३ च्या जुलैत आळंदीत मुलांचे डोळे आले ते बघता बघता सगळीकडे पसरले. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडीत जीबीएसने, म्हणजे नसांवर घाला घालून हातपाय लुळे करणाऱ्या गुलियन-बॅरे आजाराने, घाबरवलं. राष्ट्रीय विषाणू संस्था आपल्याच गावात आहे. दर वेळी सूचना निघाल्या, त्या त्या साथीपुरत्या, आणि साथीबरोबर फाइलीत गेल्या. मला हवंय ते साथ नसतानाच्या साध्या मंगळवारसाठी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येतं, तपासतं, पुढे पाठवतं. त्याचं काम चांगलं आहे, पण त्या मंगळवारच्या तापाला ते पुरणार कसं? प्रत्येक शाळेला जवळच्या महापालिका दवाखान्यातल्या एका सिस्टरचा फोन नंबर जोडून द्या. शाळेत एक खाट, एक थर्मामीटर आणि ओआरएसची पाकिटं असली की बाकीचं फोनवर निभतं. मुख्याध्यापकाने कुणाला बोलवायचं, दवाखान्यात कधी न्यायचं, हे त्या सिस्टरला विचारता येईल. पोर पाणी पीत नाही, लघवी कमी झाली, झोपेतून नीट उठत नाही, श्वास भरभर चाललाय, या चार खुणा शिपाईमामांनाही पाठ असाव्यात.

गणपतीच्या सुट्टीआधी परिपत्रक निघालं तर याच पावसाळ्यात उपयोगी पडेल. मसुदा करायला माणसं कमी असतील तर आमच्यासारख्या निवृत्त सिस्टर शहरात भरपूर आहेत. चहावर काम करून देऊ.

कळावे,
आपल्याच एका दवाखान्यातली निवृत्त परिचारिका
पर्वती, पुणे