बाहीवरच्या विणलेल्या पट्ट्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धातल्या अटलांटिकमधल्या पाणबुडी युद्धावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडीने वाचला. रडार आणि सांकेतिक संदेशांची उकल यांविषयी त्यात सविस्तर लिहिलं आहे. पण पाणबुड्यांच्या मागावर राहिलेल्या छोट्या जहाजांवर कोण होतं, याचा उल्लेखच नाही. मी मर्चंट नेव्हीत तीस वर्षं काढली, म्हणून हे मनाला लागलं.

त्यातले बरेचसे कप्तान रॉयल नेव्हल रिझर्व्हचे, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या राखीव दलातले, मुळात मालवाहू आणि प्रवासी बोटींवरचे अधिकारी होते. नियमित नौदलाच्या बाहीवर सोनेरी पट्ट्या सरळ असत, यांच्या पट्ट्या एकमेकींत विणलेल्या. त्यांपैकी एक रॉबर्ट ॲटकिन्सन. 1943 च्या मे महिन्यात 27 वर्षांचा हा तरुण 'पिंक' या कॉर्व्हेटचा, म्हणजे तांड्याच्या रक्षणासाठीच्या छोट्या युद्धनौकेचा, कप्तान होता. कॉर्व्हेटचा वेग जेमतेम 16 नॉट, पाण्यावर आलेली जर्मन पाणबुडी त्याहून जलद पळे.

लिव्हरपूलहून हॅलिफॅक्सकडे निघालेला ओएनएस-5 हा व्यापारी जहाजांचा तांडा वादळाने विस्कटला. मागे पडलेली काही जहाजं सांभाळायला एकटी 'पिंक' होती. 5 मे रोजी ॲस्डिकवर (ध्वनिलहरींनी पाण्याखालची पाणबुडी शोधणारं यंत्र) पाणबुडीचा प्रतिध्वनी आला. पाणबुडी अगदी जवळ आली की ॲस्डिकला ती हरवते, आणि डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) नेमके तेव्हाच टाकायचे असतात. म्हणून अंदाज घेत पुन्हा पुन्हा फिरून यावं लागतं. ॲटकिन्सनने जहाजं सोडून तिच्यावर हल्ल्यावर हल्ले केले. परततो न परततो तोच त्याने मागे सोडलेल्यांपैकी 'वेस्ट मॅडाकेट' या अमेरिकी जहाजावर दुसऱ्याच पाणबुडीचा टॉर्पेडो बसला. त्याने जहाजावरचे सर्व 61 जण उचलले.

तो गेला हे चुकलं का? मला तसं वाटत नाही. थांबला असता तर त्या पाणबुडीने मागोमाग येऊन रात्री डाव साधला असता. पण पाठीमागे सोडलेलं जहाज डोळ्यांदेखत मोडताना पाहणं काय असतं, ते जहाजाच्या ब्रिजवर पहारा दिलेल्या माणसालाच कळेल. ज्या पाणबुडीच्या नाशाचं श्रेय त्याला त्या दिवसासाठी मिळालं होतं, ती त्याने बुडवलेली नव्हती, हे युद्धानंतरच्या फेरतपासणीत निघालं. त्याच्या हाती लागलेली यू-358 जबर जखमी होऊन निसटली होती. माझ्या लेखी त्यामुळे ॲटकिन्सनचं मोल उणावत नाही.

त्या लढाईत 13 व्यापारी जहाजं गेली, जर्मनांच्या 6 पाणबुड्या बुडाल्या. तेल संपत आल्याने मुख्य अधिकारी निघून गेल्यावर सगळ्या संरक्षक जहाजांची सूत्रं रॉबर्ट शेरवूड या रिझर्व्हच्याच अधिकाऱ्याकडे होती. 24 मे रोजी जर्मन नौदलप्रमुख डॉनिट्झने उत्तर अटलांटिकमधून पाणबुड्या मागे घेतल्या.

ॲटकिन्सनला डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस हे शौर्यपदक तीनदा मिळालं. 10 एप्रिल 1945 रोजी 'टिंटॅजेल कॅसल' या युद्धनौकेवरून त्याने 'व्हँक्विशर' या दुसऱ्या युद्धनौकेच्या साथीने यू-878 बुडवली.

ज्यांचं रक्षण हे लोक करत होते, त्या ब्रिटिश व्यापारी बोटींवर खलाशी म्हणून आपल्या कोकणातलीही माणसं होती. येत्या 5 एप्रिलला, राष्ट्रीय सागरी दिनाच्या पुरवणीत, ॲटकिन्सन, शेरवूड आणि त्या खलाशांना एक पान द्यावं, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त जहाज अधिकारी, रत्नागिरी