बाळ्या, आता तुझी पाळी

सोलापूर
गड्ड्याची यात्रा चालू आहे

प्रिय बाळ्या,

पत्र नाही म्हणून फोनवर घातलेल्या शिव्या पावल्या. गुडघा बरा आहे, साखर गोळीवर आहे, यापुढे विचारू नकोस.

आमच्या चिमीची पीएच.डी.साठी निवड झाली. विषय तूच ओळख. माझाच, कॉस्मिक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे, आणि तेही प्रयोगवाले. घरात पेढा कुणी वाटला नाही. परवा तिची आई, आमची धाकटी, भर दुपारी रिक्षाने आली, पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "दादा, तूच सांग तिला नको म्हणून. तुझं ऐकेल ती."

हसू नकोस. चौऱ्याऐंशी साली अण्णांनी तुला असंच माझ्याकडे पाठवलं होतं. बँकेचं नेमणूकपत्र देवापुढे ठेवलेलं आणि मी मुंबईला संशोधनाला निघालेलो. कंबर तलावाच्या कट्ट्यावर तू अर्धा तास पेन्शनवर भाषण ठोकलंस आणि शेंगा संपल्यावर विचारलंस, "तिकिटाला किती कमी पडतात बे?" अण्णांनी पुढे किती दिवस तुझ्याशी अबोला धरला! धाकटीच्या मते माझं जे काही झालं ते तुझ्यामुळे. अजून ती तुझं नाव घेत नाही, 'तो' म्हणते. (ते पैसे मी परत केले होते. तू नाही म्हणणार. हा वाद इथे नको.)

तर चिमीला बोलावून घेतलं. आधी पैशाचं आणि वर्षांचं सांगितलं, ते सोपं. फेलोशिप महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००. पीएच.डी.ला सहा वर्षं धर, यंत्र रुसलं तर सात. मग इथे दोन वर्षं, तिथे तीन वर्षं अशी परदेशातली हंगामी कामं. कायमची नोकरी लागलीच तर पस्तिशी उलटल्यावर. माझ्याबरोबरचे दोघे माझ्याहून हुशार होते, त्यांना ती लागली नाही. एक कोचिंग क्लास चालवतो. दुसऱ्याचा पत्ता नाही.

धाकटी मध्येच म्हणाली, "निदान नाव तरी होईल का?" मी म्हटलं, २०१५ साली हिग्ज कणाच्या, म्हणजे त्या देवकणाच्या, वस्तुमानावर एक पेपर आला, त्याला ५,१५४ लेखक. ३३ पानांतली २४ पानं नुसत्या नावांची आणि संस्थांची. ती म्हणाली, "मग लग्नपत्रिका बरी, तिथे आपलं नाव मोठ्या टायपात तरी असतं."

चिमी एवढं सगळं शांतपणे ऐकून म्हणाली, "मामा, तू एवढ्या वर्षांत काय शोधलंस?"

बाळ्या, हा प्रश्न शेजारच्या जोशीबुवांनी केला असता तर मी हसून सोडला असता. ते मला देवकण सापडला का एवढंच विचारतात, जणू चष्माच हरवलाय. पण ही पोरगी एम.एस्सी. आहे. मी म्हटलं, प्रोटॉन मरत नाही, हे. तर म्हणे, "ते तर आधीपासून माहीत होतं ना?"

माहीत नव्हतं! तुला मी हे तेव्हा समजावलं होतं आणि तू झोपला होतास, म्हणून परत. सत्तरच्या दशकातला एक फार सुंदर सिद्धान्त सांगत होता की प्रोटॉनसुद्धा कधीतरी फुटतो, सरासरी एकावर एकतीस शून्यं इतक्या वर्षांनी. इतकं थांबायचं कुणी? मग शंभर-दीडशे टन लोखंड एका जागी रचायचं. त्यात प्रोटॉन-न्यूट्रॉनच इतके असतात की वर्षाकाठी चार-दोन फुटायला हवेत. वरून येणाऱ्या किरणांचा गोंधळ नको म्हणून हे सगळं कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल. १९८० साली आमच्या मंडळींनी ते तिथे चालू केलं. त्यांना काही घटना दिसल्याही, प्रोटॉनच्या मरणासारख्या. जगाने मानल्या नाहीत. पुढे कितीतरी मोठ्या यंत्रांनी पाहिलं, अजून कुणाला काही नाही. तो सुंदर सिद्धान्त गेला. माझी पीएच.डी. म्हणजे त्याच्या अंत्ययात्रेला दिलेला खांदा.

इथवर मी ऐटीत सांगितलं. अडलो ते पुढे.

त्याच सुमारास जपान्यांनी कामिओकाच्या खाणीत तीन हजार टन पाण्याची टाकी उभी केली. १९८३ साल. कशासाठी, तर प्रोटॉन मरताना पकडायला, आमच्यासारखंच. त्यांनाही सापडला नाही. पण २३ फेब्रुवारी १९८७ला शेजारच्या दीर्घिकेत फुटलेल्या ताऱ्याचे अकरा न्यूट्रिनो, म्हणजे सहसा कशालाच न अडणारे कण, त्यांच्या टाकीत दिसले. थोड्याच दिवसांपूर्वी त्यांनी सूर्याच्या न्यूट्रिनोंसाठी ती टाकी सुधारून घेतली होती. त्यांचे म्होरके कोशिबा, त्यांना २००२चं नोबेल. तो तारा दिसला त्या आठवड्यात मी कोलारच्या पोटात, घामाने चिंब, कण टिपणाऱ्या चौकोनी नळ्यांना साबणाचं पाणी लावून त्यांतला आरगॉन वायू कुठून गळतोय ते बघत होतो. आमचं लोखंड त्या कामाला थोडं होतं. आणि गंमत अशी की हवेत तयार झालेला न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा दिसला त्या मोजक्या जागांत आमची कोलारची खाण होती, १९६५ साली, २.३ किलोमीटर खोल. तेव्हा मी रांगत होतो.

सांग आता, पोरीला काय सांगू? मेहनत कर? ती मीही केली. शोधायचं एक आणि सापडायचं दुसरंच. उटीचंच बघ. तिथली यंत्रं अवकाशातल्या किरणांसाठी लावलेली, आणि त्यांनी मोजलं काय, तर ढग! १ डिसेंबर २०१४च्या गडगडाटी वादळात म्युऑन, म्हणजे त्या किरणांमुळे हवेत तयार होणारे कण, कमी झाले, त्यावरून हिशेब निघाला की ढगात १.३ अब्ज व्होल्टचा विजेचा दाब होता. इतका असू शकतो असं विल्सन नावाच्या शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात म्हटलं होतं, मोजला कुणी नव्हता. हे मी रंगवून सांगितलं तर धाकटी विचारते, छापून कधी आलं? २०१९. "वादळ तासाभरात गेलं असेल, तुम्ही पाच वर्षं काय करत होता?" तिला वकील करायला हवं होतं.

तू म्हणायचास ते मधूनमधून आठवतं. तुझ्या तळहातातून मिनिटाला शंभरेक म्युऑन जातात म्हटल्यावर तू म्हणालास, "मला लागत नाहीत, मग मोजायचे कशाला?" आपलं त्यावरून चहाच्या टपरीवर केवढं भांडण झालं! उत्तर माझ्याकडे अजूनही धड नाही. पण नळी गळायची थांबते, तारेवर विजेचा दाब चढवतो आणि पडद्यावर पहिली टोकदार रेघ उमटते, तेव्हा तो प्रश्न मला कधी पडला नाही. हे पोरीला सांगितलं तर ती नक्की जाईल. नाही सांगितलं तर मी खोटा. धाकटीला वाटतं मी मुद्दाम वेळ काढतोय.

चिमीने जाता जाता विचारलं, "मामा, कोलारला खाली उकडायचं का रे?" मी म्हटलं, सोलापूरच्या मे महिन्यात वाढलेल्याला कसलं उकडतंय. खोटं होतं ते. खाली जीव नकोसा व्हायचा.

वहिनींचा मोतीबिंदू झाला का? सूनबाईंची बदली? दुकान विकायचं ठरलं तर सही करण्याआधी मला कळव, तुझ्या भावाला फार घाई असते. हुरड्याला ये म्हणतो तर तू दरवर्षी थाप मारतोस.

मी ठरवलंय, नको म्हणणार नाही. हो-ही म्हणणार नाही. चिमीला आमच्या त्या क्लासवाल्याचा नंबर दिलाय, त्याच्याशी आधी बोल म्हणून. तो कडू बोलेल, पण खरं बोलेल. आणि धाकटीशी तू बोल. रविवारी सकाळी, तिची पूजा आटोपल्यावर. शिव्या देईल, पण तुझं ऐकेल, अण्णांनीही शेवटी तुझंच ऐकलं होतं. मुदत या महिनाअखेरची आहे.

तुझा,
बंडू

ता.क. फोनवर माझं नाव काढू नकोस. आणि पेन्शनवर भाषण नको, आता ती कुणालाच मिळत नाही.