अजून न जन्मलेल्या बाळाच्या आईकडून, सोनोग्राफीवाल्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आभार मानायची ही वेळ नाही, असं घरात सगळ्यांचं मत आहे. "आधी सगळं नीट पार पडू दे, मग पेढे घेऊन जाऊ," असं सासूबाई म्हणतात. पेढे तर नेऊच. पण तुम्ही जे केलंत ते करून झालेलं आहे. पुढचं काम दुसऱ्या डॉक्टरांचं आहे, त्यांचे आभार त्यांच्या वेळी मानू. तुमचे मला आत्ताच मानायचे आहेत, कारण सध्या सदतिसावा आठवडा चालू आहे, मी हडपसरला मावशीकडे येऊन राहिले आहे आणि दिवसभर काही काम नाही. नंतर पत्र लिहायला सवड मिळेल असं वाटत नाही.

पाकिटात घालून तुमच्याच पत्त्यावर पाठवता आलं असतं. पण पोटातल्या बाळाच्या हृदयात दोष आहे असा रिपोर्ट जिच्या हातात आजच पडला असेल अशी कुणीतरी बाई कुठेतरी असणारच. जन्मणाऱ्या हजार बाळांमागे आठ-दहांच्या हृदयात काही ना काही दोष असतो, म्हणजे अशा बायका थोड्या नाहीत. तिनेही हे वाचावं, म्हणून उघड लिहिते आहे.

ॲनॉमली स्कॅनच्या, म्हणजे बाळाचा एकेक अवयव तपासायच्या सोनोग्राफीच्या दिवशी तुमच्याकडे केवढी गर्दी होती. बाहेर एक काकू नंबरावरून रिसेप्शनवर भांडत होत्या. तुम्ही आत मला एकेक दाखवत होतात, हे डोकं, हा मणका, हे पोट, आणि हृदयाशी आल्यावर बोलणं थांबलं. मला कुशीवर वळवलंत, परत सरळ केलंत. मग म्हणालात, "बाळाने पाठ केलीय माझ्याकडे. बाहेर जाऊन फिरून या, काहीतरी गोड खा, मग परत बघू." मी लिफ्टपाशी फेऱ्या मारत चिक्की खाल्ली. दुसऱ्यांदा आत गेले तेव्हाही तुम्ही घाई केली नाहीत. तिकडे काकूंचा आवाज वाढतच होता.

त्या वेळी तुम्ही काय शोधत होतात ते मला पुण्यात कळलं. हृदयाचे चार कप्पे आमच्या बाळाचे व्यवस्थित आहेत. चारही जागच्या जागी, पडदे ठीक, ठोके ठीक. पुष्कळदा चार कप्पे दिसले की हृदय नॉर्मल म्हणून लिहिलं जातं. पण या दोषात कप्प्यांमध्ये काही सापडतच नाही. प्रोब तिथून थोडा वर, बाळाच्या मानेच्या दिशेला तिरका केला, तर हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या दिसतात. त्या एकमेकींना ओलांडून जायला हव्यात. आमच्या बाळाच्या दोन्ही शेजारी शेजारी सरळ वर जातात. तुम्ही प्रोब तिरका केला नसतात तर माझ्या फाईलमध्ये नॉर्मल रिपोर्ट असता, मी फलटणलाच बाळंत झाले असते, आणि काही तासांत बाळ निळं पडायला लागल्यावर पहिल्यांदा कुणाला तरी शंका आली असती. तिथून पुण्याला शंभरावर किलोमीटर. लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड आणि मग दिवे घाट. वारीत माउलींची पालखी येते तो हा रस्ता, आम्ही उलटा चाललो असतो. तान्हं बाळ ऑक्सिजन लावून त्या रस्त्यावरून नेण्याचा विचार मी अजूनही पूर्ण करू शकत नाही.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते तुम्ही सांगितलंत कसं, याचे. टेबलावर आडवी असताना तुम्ही एवढंच म्हणालात, "हृदयात मला जे दिसतंय ते नॉर्मल नाही. खात्री करायला फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी लागेल. संध्याकाळी शेवटच्या पेशंटनंतर या, मिस्टरांना आणा, सासूबाईंनाही आणा." सासूबाईंना का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. संध्याकाळी कळलं. त्यांनी खुर्चीवर बसता बसताच विचारलं, "ग्रहणात हिनं काही चिरलं-कापलं असेल का हो?" घरून निघाल्यापासून तोच विचार त्यांच्या डोक्यात होता, बोलून दाखवला नव्हता इतकंच. तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. म्हणालात, "आजी, बाळाचं हृदय पहिल्या दोन महिन्यांत बनतं. सुरुवातीला एकच नळी असते, तिचे दोन भाग पीळ घेत वेगळे होतात. या बाळात तो पीळ पडला नाही. तेव्हा कित्येकींना दिवस गेलेत हेही नीट ठाऊक नसतं. हिनं काय खाल्लं, काय चिरलं, कुठे वाकली याचा काही संबंध नाही." मला आधीपासून मधुमेह होता का, एवढं मात्र विचारलंत, कारण त्याचा संबंध असू शकतो. नव्हता. "बहुतेक वेळा कारण सापडत नाही," असं म्हणून तुम्ही तो विषय मिटवलात. मॅडम, त्यानंतर घरात ग्रहणाचा शब्द निघाला नाही. पुढे एका लांबच्या आत्यांनी काढला तर सासूबाईंनीच त्यांना गप्प केलं. माझ्या बाजूने त्या घरात कुणी असं बोलायचं असेल तर त्या सासूबाईच असायला हव्या होत्या, हे तुम्ही दुपारीच ओळखलं असणार.

मग तुम्ही रिपोर्टाच्या पाकिटामागे दोन नळ्या काढल्यात. अंगभर शुद्ध रक्त नेणारी महाधमनी डाव्या कप्प्यातून निघायची, ती उजव्यातून निघतेय. फुप्फुसाकडे जाणारी डाव्यातून. म्हणजे फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेलं रक्त परत फुप्फुसातच जातं, आणि अंगातून आलेलं अशुद्ध रक्त परत अंगात. मला काही समजेना. मिस्टर ते चित्र बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे विहिरीचं पाणी चारीनं फिरून परत विहिरीतच पडतंय. रानाला मिळतच नाही." तुम्ही पेन खाली ठेवलंत. "अगदी असंच." "मग मधला बांध फोडायचा," ते म्हणाले. बलून सेप्टोस्टॉमी, म्हणजे फुग्यानं हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधलं छिद्र मोठं करणं, आमच्या घरात तेव्हापासून 'बांध फोडणं' याच नावाने ओळखली जाते. पुण्याच्या डॉक्टरांनाही आता ते नाव माहीत झालंय.

गर्भपाताचा विषय तुम्ही टाळला नाहीत, याचं मला बरं वाटलं. २०२१ च्या कायद्यातल्या बदलानंतर अशा कारणासाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं करता येतो, त्यापुढे मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं, हे सरळ सांगितलंत. आमचा विसावा चालू होता, म्हणजे विचाराला वेळ होता. "तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?" असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तुमचं उत्तर एकच, "ते मी सांगणार नाही. पण फीटल इको झाल्याशिवाय काहीही ठरवू नका." तेव्हा मला राग आला होता. दोन दिवसांनी एका नातेवाइकांच्या आग्रहाखातर दुसऱ्या एका ठिकाणी गेलो. तिथे रिपोर्ट उघडून, माझ्याकडे न बघता, "तरुण आहात, हे मोकळं करा, पुढच्या वेळी बघू," असा निकाल पाच मिनिटांत मिळाला. फी तिथे जास्त होती. बाहेर पडल्यावर तुमच्यावरचा राग गेला.

आम्ही बाळ ठेवायचं ठरवलं. दुसरं कुणी वेगळं ठरवेल आणि मी तिला नावं ठेवणार नाही. आम्हाला पुण्यात मावशी आहे, मिस्टरांचा धाकटा भाऊ रानाकडे बघतो, सासूबाई अजून हिंडत्याफिरत्या आहेत. हे सगळं नसतं तर आमचा हिशेब कदाचित वेगळा झाला असता.

पुण्याच्या फीटल इकोचा नंबर तुम्ही तुमच्याच फोनवरून लावून दिलात, नाहीतर तारीख कितीतरी पुढची मिळत होती. तिथल्या डॉक्टरांनी तुमचा रिपोर्ट वाचून आधी विचारलं, "हे फलटणला पकडलं?" दोष तुम्ही लिहिला होता तोच निघाला, डी-टीजीए, म्हणजे दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल. खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा अखंड. आता गंमत बघा. हृदयाचा दोष म्हटलं की लोकांना छिद्रच माहीत. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, "छिद्र काय, आपोआप भरून येतं, आमच्या अमक्याच्या नातवाचं आलं." आणि आमच्या बाळाला छिद्र पाहिजे! वरच्या दोन कप्प्यांमधलं एक छिद्र आणि दोन धमन्यांना जोडणारी एक छोटी नळी, पोटात असताना प्रत्येक बाळाला या दोन्ही वाटा असतात. ऑक्सिजन वारेतून मिळत असतो, म्हणून आमचं बाळ आत खुशाल वाढतंय, लाथा मारतंय. जन्मल्यावर या वाटा बंद व्हायला लागतात. बाकीच्या बाळांसाठी ते चांगलं. आमच्याला त्याच वाटांवर दोन्हीकडचं रक्त मिसळण्याचा भरवसा. म्हणून जन्मल्या जन्मल्या प्रोस्टाग्लँडिनचं सलाईन, म्हणजे नळी उघडी राहते. वरचं छिद्र अपुरं वाटलं तर बलून आत नेऊन मोठं करायचं, म्हणजे आमचा बांध. आणि मग पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मुख्य ऑपरेशन, आर्टेरियल स्विच. दोन्ही धमन्या कापून अदलाबदल करून शिवायच्या. हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी त्यांच्यासोबत हलवायच्या, आणि सगळ्यात नाजूक काम तेच, कारण एवढ्याशा बाळात त्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या असतात. फार उशीर करून चालत नाही, कारण फुप्फुसाकडे रक्त ढकलायला जोर कमी लागतो आणि डाव्या कप्प्याची ताकद उतरते.

मी वाचत बसते, मिस्टरांना ते आवडत नाही. बलूनची युक्ती विल्यम रॅशकिंड यांची, १९६६ ची. स्विच ऑपरेशन पहिल्यांदा यशस्वी केलं ब्राझीलच्या आदिब जातेने यांनी, १९७५ साली. माझ्या आईचा जन्म त्याच वर्षीचा. म्हणजे आई असं हृदय घेऊन जन्मली असती तर हे ऑपरेशन तिला मिळणं जवळजवळ अशक्यच होतं. उपचार न झालेली बहुतेक बाळं वर्षाच्या आतच जात. आज चांगल्या केंद्रांत ऑपरेशन झालेल्या शंभरातली पंचाण्णवच्या आसपास वाचतात. उरलेली पाच मला रात्री आठवतात. पण तुम्हीच म्हणाला होतात, आकडा विचारायचा असेल तर दोन्हीकडून विचारा.

जाता जाता तुम्ही एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहून दिल्या होत्या, महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. दुसरा म्हणजे अंगणवाडीत-शाळेत मुलं तपासायला गाडी येते तोच, आणि जन्मजात हृदयदोष त्यात धरलेले आहेत हे मला ठाऊक नव्हतं. सोनोग्राफीच्या डॉक्टरनं पैशांची चौकशी करायची काही गरज नसते. तुम्ही केलीत, आणि रेशनकार्डावरची नावं दुरुस्त करायला आम्हाला बाळ यायच्या आत वेळ मिळाला.

आणखी एक. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायचं की नाही यावर घरात सगळेच गप्प होते. करू म्हणायची कुणाची हिंमत नव्हती, नको म्हणायचीही नव्हती. वाढीच्या स्कॅनला आले तेव्हा सासूबाईंनी तुम्हालाच विचारलं. तुम्ही स्क्रीनकडे बोट केलंत, "बाळ मजेत आहे, अंगठा चोखतंय. करा की. मला आमंत्रण द्या." तुम्ही आलात, हिरव्या साडीतल्या माझ्याबरोबर फोटो काढलात, आणि वाटीखालच्या पेढा-बर्फीच्या खेळाला मात्र बाजूला जाऊन उभ्या राहिलात. "माझ्यासमोर नको, माझ्या भिंतीवर बोर्ड आहे," म्हणालात. सगळ्या बायका किती हसल्या. त्या हसण्याची त्या घराला फार गरज होती.

आता इथलं सांगते. नॉर्मल डिलिव्हरी होऊ शकते, या दोषासाठी सिझरच लागतं असं नाही, असं इथले डॉक्टर म्हणतात. एकोणचाळिसाव्या आठवड्यात दाखल व्हायचं ठरलंय. हृदयाचं युनिट त्याच इमारतीत, दोन मजले वर. बाळाला हलवायचं तर आईच्या पोटातून हलवणं सगळ्यात सुरक्षित, हे तुमचं वाक्य मी इथे ऐकवलं, तर सिस्टर म्हणाल्या आम्हीही तेच सांगतो. जन्मल्यावर बाळ माझ्याजवळ फार वेळ ठेवणार नाहीत, एकदा दाखवून वर नेतील. त्याची तयारी मी करते आहे. नीट होत नाहीये, पण करते आहे.

काही झालं की मिस्टर तुम्हाला फोन करतील. ओपीडीच्या वेळेत आला तर रागावू नका, मी त्यांना दुपारी दोननंतर करायला सांगितलंय पण ते ऐकतील असं नाही. तुम्ही काय विचाराल ते मी त्यांच्याकडून पाठ करून घेतलंय. जन्म किती वाजता, वजन किती, ऑक्सिजन किती, बलून लागला का. मुलगा की मुलगी ते तुम्ही विचारणार नाही, पण ते सांगतीलच. तेव्हा मात्र बोर्डाचं कारण सांगू नका.

आपली नम्र,
तुमची फलटणची पेशंट
(सध्या मुक्काम हडपसर)