ड्रोन नको, एडिटिंगला बसायची सोय करून द्या

पेठेतल्या सगळ्या घरांना, आणि नोकरीधंद्यासाठी पुण्या-मुंबईला, परदेशात गेलेल्या आपल्या माणसांना तालमीचा रामराम.

येत्या दिवाळीच्या सुट्टीत तालमीच्या माडीवर आठवी ते बारावीच्या मुला-मुलींना गाण्याचा व्हिडिओ करायला शिकवायचं ठरलं आहे. गाणं रेकॉर्ड करण्यापासून शूटिंग आणि एडिटिंगपर्यंत सगळं पोरांनीच करायचं. यंदा गणपतीत साऊंड सिस्टीमला फाटा दिला, त्यातून वर्गणीचे जे पैसे मागं राहिले ते या कामाला लावायचे असा बैठकीत ठराव झाला. ते पुरत नाहीत, म्हणून हे आवाहन.

गाण्यावरून बरीच वादावादी झाली. पोरांना सिनेमातलं गाजलेलं गाणं हवं होतं. पण दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगवर व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकला की संगीत कंपनीचा हक्काचा दावा येतो, कधी आवाजच बंद केला जातो. मग पोरांनीच तोड काढली: गौरीच्या जागरात गल्लीतल्या आज्या झिम्म्याची जी गाणी म्हणतात ती घ्यायची आणि मधे आपला रॅप घालायचा. ही गाणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, त्यांच्यावर कुणा एकाची मालकी नाही. रॅप पोरांनी स्वतः लिहिलाय. त्यातल्या काही ओळी कार्यकारिणीनं बदलायला लावल्या, त्यावरून अजून रुसवे-फुगवे चालू आहेत. ते आम्ही बघून घेऊ.

पहिलं काम आवाजाचं. माडीवर रिकाम्या भिंतींमुळं आवाज घुमतो, म्हणून भिंतींना वाकळा टांगून त्याच्या आत आज्यांना बसवायचं आणि गाणं रेकॉर्ड करायचं. शूटिंगच्या वेळी तेच गाणं स्पीकरवर वाजवायचं आणि त्याच्यावर ओठ हलवायचे. सुरुवातीला टाळी वाजवली की एडिटिंगमध्ये चित्र आणि आवाज जुळवणं सोपं जातं. झिम्म्यात टाळ्या मुळातच असल्यामुळं इथं तर कट कुठं मारायचा हे गाणंच सांगतं. ट्यूबलाइटखाली शूट केलं की चित्र का थरथरतं, हेही पोरांना आता कळेल. आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची, दिवा तिच्याच तालात लुकलुकतो, म्हणून सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे चित्रं, घ्यायची आणि प्रत्येक फ्रेमला शटर सेकंदाचा एक पन्नासांश भागच उघडं ठेवायचं. एक गंमत तर आम्हालाही नवीन होती. गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं, त्याच वेगात ओठ हलवत 50 फ्रेमनं शूट करायचं आणि नंतर 25 नं चालवायचं. ओठ गाण्याशी बरोबर जुळतात आणि नाचणारा मात्र संथ, तरंगल्यासारखा दिसतो.

बाबूराव पेंटर याच कोल्हापूरचे. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता त्यांना सिनेमाचा ध्यास लागला आणि त्यांनी स्वतःचा कॅमेरा स्वतः घडवला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मंडळींनी 1929 मध्ये इथंच प्रभात फिल्म कंपनी उभी केली, 1933 मध्ये ती पुण्याला गेली. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ आपण रोज ओलांडतो. हा वारसा पोरांनी भाषणांत पुष्कळ ऐकलाय. त्यांना काम मात्र कुणी दिलं नाही.

बाबूरावांपुढं कॅमेऱ्याचीच अडचण होती. आजच्या पोरांची अडचण वेगळी आहे. कॅमेरा त्यांच्या खिशात आहे, रील्सही रोज निघतात. मोबाइलवरचं ॲप ठराविक साच्यात क्लिप बसवून देतं, त्यात स्वतः ठरवायचं काही उरत नाही. तीन मिनिटांच्या गाण्यासाठी तास-दीड तासाचं फुटेज सहज जमतं. त्यातलं काय टाकून द्यायचं, हे मोठ्या पडद्यासमोर बसून, कुणा जाणत्या माणसाशी भांडत शिकावं लागतं. म्हणून स्पष्टच सांगतो: ड्रोन देऊ करणाऱ्या दोघा हितचिंतकांचे आभार, पण ड्रोन नको. महागडा कॅमेराही नको. त्याच पैशात एडिटिंगचा संगणक द्या.

संगणक वापरलेला चालेल. 16 जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी असली की डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती चालते. त्याहून हलका असेल तर केडेनलाइव्ह आहे, तेही फुकट आणि मुक्त. कुणाच्या ऑफिसात नवी मशीन आल्यामुळं जुनी कोपऱ्यात पडली असतील तर एक फोन करून विचारा, इतकंच. फुल एचडीत एका मिनिटाला साधारण 100 एमबी जागा जाते, फोरके केलं तर कितीतरी जास्त. आणि प्रत्येक फुटेजच्या दोन प्रती दोन जागी ठेवायच्या, हा नियम पहिल्या दिवसापासून लावणार आहोत. त्यासाठी दोन हार्ड डिस्क हव्यात. शिवाय कॉलर माइक, एक साधा रेकॉर्डर, मोबाइलचे स्टँड, दोन एलईडी दिवे. सगळा खर्च 1,10,000 रुपयांच्या घरात जातो, मंडळाकडं 38,000 आहेत. चहा-पोह्यांचा भार महिला मंडळानं उचलला आहे.

पैसे नसतील तर वाकळा द्या. जुन्या वाकळा आणि गाद्या रेकॉर्डिंगपुरत्या हव्यात, नाव लिहून घेऊ आणि परत पोचवू.

पैशापेक्षा एक मागणी मोठी आहे. एडिटिंगचं काम करणाऱ्या कुणी ताई, विशेषतः पेठेतून बाहेर गेलेल्या, सुट्टीत गावी येणार असतील तर त्यांनी काही दुपारी आम्हाला द्याव्यात. नाव नोंदवलेल्या मुलींच्या पालकांचा पहिला प्रश्न हाच होता की शिकवायला बाई आहेत का. त्यांची काळजी रास्त आहे. म्हणून वर्ग दुपारीच भरतील, पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुणाचाही चेहरा व्हिडिओत येणार नाही आणि तयार व्हिडिओ आधी पालकांना दाखवून मगच यूट्यूबवर जाईल. एखाद्या आजीनं नको म्हटलं तर तिचा फक्त आवाज राहील, तोही तिला चालणार असेल तरच.

देणगी रोख, चेकनं किंवा तालमीत लावलेल्या क्यूआर कोडवर देता येईल. संध्याकाळी सहा ते नऊ खजिनदार तालमीत असतात. पावती प्रत्येकाला मिळेल. आयकरात सवलत मिळेल असं प्रमाणपत्र मात्र आपल्याकडं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वस्तू देणाऱ्यांनी त्या कार्यशाळेनंतर परत हव्यात की तालमीकडं राहू द्यायच्या, तेही कळवावं. राहिलेल्या वस्तू माडीवरच्या कपाटात कुलपात ठेवू. पुढं पेठेतल्या कुठल्याही मुला-मुलीला रजिस्टरमध्ये सही करून तिथं बसून त्या वापरता येतील, घरी नेता येणार नाहीत. जमाखर्च सुट्टी संपताच तालमीच्या नोटीस बोर्डावर लागेल.

नावनोंदणी अजून चालू आहे. जागा मोजक्याच आहेत आणि त्यातल्या निम्म्या मुलींसाठी राखून ठेवल्या आहेत.

आपली,
तालीम मंडळाची कार्यकारिणी